आधी शब्द जुळवू या



आफ्रिकेतल्या सामाजिक संशोधकांना बोलावून दोन वर्षांनी इथे मुलुंड उपनगरात मोठी संयुक्त परिषद घ्यायची, असा ठराव काल आपल्या कार्यकारिणीने केला. टाळ्या झाल्या. रात्री पंगतीत लगेच सभागृह कुठलं, उतरायची सोय कुठे, उद्घाटनाला कोण, हे विषय निघाले. ती कामं जाणत्या हातांत आहेत, ती होतील. मला बोलायचं आहे ते त्याही आधीच्या तयारीबद्दल. त्यासाठी दोन प्रसंग सांगते.

जानेवारी 2004 मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर वर्ल्ड सोशल फोरम हा जगभरच्या चळवळींचा मेळावा भरला होता. ब्राझीलबाहेर तो पहिल्यांदाच भरत होता. 16 ते 21 तारखेपर्यंत ते सहा दिवस मी तिथे स्वयंसेवक होते. एका मंडपात टांझानियाच्या एक संशोधक जमिनीच्या हक्कांवर बोलत होत्या. त्या स्वाहिलीत बोलत, शेजारची मुलगी तुकड्या-तुकड्याने इंग्रजी करून सांगे. मला स्वाहिलीचा गंध नव्हता. तरी एका वाक्यात ‘शिलिंगी लाकी तानो’ असं कानावर पडलं आणि रक्कम लाखांतली आहे हे दुभाषी मुलीने तोंड उघडायच्या आत मला कळलं. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. ‘लाकी’ म्हणजे लाखच. मग आम्ही दोघी मोजत बसलो. पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, चपातीला चपाती आणि कांदा-टोमॅटो चिरून करतात त्याला ‘कचुंबरी’. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या गलबतांनी आणि दुकानदारांनी हे शब्द तिकडे नेले. त्यांच्या वहीत मी ‘लाख’ देवनागरीत लिहून दिलं, त्यांनी माझ्या वहीत ‘लाकी’ लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे.

दुसरा प्रसंग सांगताना आजही मला वाईट वाटतं. काही वर्षांनी आम्ही एक लहान चर्चासत्र घेतलं आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका अभ्यासकांना बोलावलं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून भारतात येताना लस टोचल्याचा दाखला लागतो. ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. आमच्या निमंत्रणपत्रात यातलं एक अक्षरही नव्हतं. त्यांनी निघायच्या चार दिवस आधी लस घेतली होती. चर्चासत्र दोन दिवसांचं. सहार विमानतळावर उतरलेला माणूस अंधेरीच्या पलीकडे येऊच शकला नाही. त्यांचा निबंध आमच्यापैकी एकाने वाचून दाखवला, पण सभागृहातून आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी नव्हतं. म्हणून माझी आजच विनंती आहे : कॉन्फरन्स व्हिसा, त्यासाठी लागणाऱ्या दिल्लीच्या मंजुऱ्या आणि लसीचा दाखला, या कामासाठी एक माणूस आजपासून नेमा आणि त्याच्याकडे दुसरं काही देऊ नका.

आपण ज्यांना बोलावतो आहोत त्यांना परिषदांची तयारी नवी नाही. 1973 साली सेनेगलमध्ये डाकारला कोडेस्रिया ही सामाजिक संशोधनाची संस्था उभी राहिली, अर्थतज्ज्ञ समीर अमीन तिच्या संस्थापकांपैकी. साधारण दर तीन वर्षांनी तिची आमसभा भरते आणि खंडभरातले समाजशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, इतिहासकार एकत्र येतात. ऐंशीच्या दशकात कर्जाच्या अटींपायी तिकडच्या विद्यापीठांचे पैसे आटले, पगार कवडीमोल झाले, अनेकांना देश सोडावा लागला. त्या काळात या संस्थेची धुरा वाहणारे थांडिका म्कांडाविरे हे स्वतः मलावीतून परागंदा झालेले होते. पुढे 1998 ते 2002 या काळात महमूद ममदानी अध्यक्ष होते. त्यांचा जन्म 1946 सालचा, याच मुंबईतला. ते वाढले कंपालात आणि 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांनाही युगांडा सोडावा लागला. एका परिषदेला जमण्यासाठी या माणसांनी काय सोसलं, हे आपल्या तरुण संशोधकांनी वाचायला हवं. आपल्याकडे लोकलचा मेगाब्लॉक असला तरी उपस्थिती निम्म्यावर येते.

कोडेस्रिया इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी या भाषांत काम करते. स्वाहिली, हौसा, योरुबा बोलणाऱ्या माणसांवरचं संशोधन त्याच माणसांना न कळणाऱ्या भाषेत मांडावं लागतं, ही खंत तिकडे वर्षानुवर्षं बोलून दाखवली जाते. केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगोंनी तर इंग्रजीत नाव कमावल्यावर गिकुयूत कादंबरी लिहिली, तीही तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर. आपली स्थिती त्या मानाने किती सुखाची! गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत एक भाषा चालते. तरीही मुलाखत मराठीत, टाचणं मराठीत आणि प्रबंध मात्र इंग्रजीत असतो. ज्या बाईने तीन तास दिले तिच्या हातात त्यातलं एक पानही परत जात नाही. मी स्वतः तीस वर्षं हेच केलं.

आणि नुसती भाषा एक असून भागत नाही. घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर एका पाहणीत मी प्रश्न विचारत होते. प्रश्नावलीत छापलं होतं, ‘आपण काम करता का?’ समोरची बाई म्हणाली, ‘नाही हो ताई, घरीच असते.’ हे बोलताना तिची बोटं थांबली नव्हती. मांडीवर स्टीलचं ताट, त्यात मोत्याचे मणी, सुईत एकेक मणी ओवून ती माळ पुरी करत होती. डझनावर पैसे मिळत. माळ संपली की गाठ मारून ती दाताने दोरा तोडायची आणि दुसरी घ्यायची. मी ‘काम नाही’ या चौकटीत खूण केली, कारण तिने तसंच सांगितलं होतं. जिना उतरताना थबकले, परत वर गेले आणि विचारलं, ‘दिवसाला हाताखालून किती माळा जातात?’ तिने चटकन आकडा सांगितला. प्रश्नातला शब्द चुकला होता. तिच्या लेखी ‘काम’ म्हणजे बाहेर जाऊन करायचं ते.

आता याचा आफ्रिकेशी संबंध पाहा. असल्या श्रमाला आपण पुस्तकांत ‘अनौपचारिक क्षेत्र’ म्हणतो. ही कल्पना रुळली ती आफ्रिकेतल्या अभ्यासांमधून : घानात अक्राच्या वस्त्यांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी केलेलं काम आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1972 चा केनियावरचा अहवाल. केनियातल्या माणसांचा यासाठी स्वतःचा शब्द आहे, ‘जुआ काली’. जुआ म्हणजे सूर्य, काली म्हणजे प्रखर. रणरणत्या उन्हात पत्रा ठोकणारे, चपला शिवणारे ते जुआ काली. आपल्या टेकडीवरची बाई उन्हात नाही, पत्र्याखाली आहे. तिच्या श्रमाला तिच्या तोंडचा शब्द कोणता? तो आपल्या एकाही अहवालात मला सापडलेला नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. परिषदेच्या आधी आपण दोन रकान्यांची शब्दसूची करू. एका बाजूला आपल्या लोकांच्या तोंडचे शब्द, कामाचे, कर्जाचे, जमिनीचे, नात्यांचे, जसेच्या तसे. दुसरा रकाना तिकडचे संशोधक भरतील. निबंध दोन महिने आधी मागवू, म्हणजे दुभाष्यांना ते या सूचीसह वाचता येतील. ऐन वेळी हातात कागद देऊन कुणाकडूनही चांगला अनुवाद होत नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठात 1971 पासून आफ्रिकी अभ्यासाचं केंद्र आहे, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकायला येतात. आपण त्यांच्याकडे अजून साधं विचारायलाही गेलेलो नाही.

एक सत्र नाशिकच्या शरणपूरसाठी राखून ठेवा, हा माझा हट्ट समजा. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर 1874 मध्ये लंडनपर्यंत गेला. 1875 नंतर अनेकजण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला वसले. त्यांची अर्धी गोष्ट नाशकात आहे, अर्धी मोंबासात, आणि दोन्हीकडच्या अभ्यासकांनी शेजारी बसल्याशिवाय ती पुरी लागणार नाही.

आणि असल्फाची ती बाई. तिला, तिच्या शेजारणींना पहिल्या दिवशी समोर बसवायचं आहे. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार, तो आपल्या अंदाजपत्रकात आजच धरा.

शब्दसूचीची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच घेऊ. येताना लॅपटॉप नको, जुन्या क्षेत्रभेटींच्या वह्या आणा. माझी असल्फाची वही मी आणते आहे.