मिठागरातला उजेड



पक्ष्यांच्या फोटोंवर दहा मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. कॅमेरा कुठला, लेन्स केवढ्याची, हे जेवताना विचारा. मी फक्त ऊन-सावलीबद्दल बोलतो, तेही आपल्या भाईंदरच्या मिठागरातल्या.

लोकलच्या खिडकीतून शेकाट्या आपण सगळ्यांनीच पाहिलाय. लांब गुलाबी पाय, पांढरं अंग, काळे पंख. फोटो काढणाऱ्याची परीक्षा घ्यायलाच जन्मलेला पक्षी! कारण कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं यावं, एवढाच त्याचा हिशेब. बगळा काळ्या चिखलात उभा असेल, तर कॅमेरा चिखल उजळायला जातो आणि बगळ्याचा नुसता चुना होतो. तिथे उजेड कमी करायचा. तोच बगळा मिठाच्या ढिगापुढे आला, की उलट वाढवायचा; नाहीतर मीठ मळकट आणि बगळाही मळकट. शेकाट्याच्या बाबतीत मी पांढरं सांभाळतो. काळ्यातले बारकावे घरी थोडे वर काढता येतात, जळालेलं पांढरं परत येत नाही.

सकाळी आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली, की जागा बरोबर. पक्ष्याच्या डोळ्यात ठिपका चमकतो. पुढे ऊन चढतं, पोटाखाली अंधार होतो. पण मिठागरात एक गंमत आहे. उथळ पाणी आणि पांढरं मीठ उजेड खालून परत फेकतात, त्यामुळे ती सावली मऊ होते. नांगरलेल्या शेतात ही सोय नाही.

आता थोडं कडू. उन्हाळ्यात शेकाट्या उघड्यावर, जमिनीवरच अंडी घालतो. ‘जवळून, चांगल्या उजेडात’ म्हणून तिथे माणूस उभा राहिला, की पक्षी उठतो, ओरडत घिरट्या घालतो आणि अंडी उन्हात तापत राहतात. एरवी ही जोडी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. त्यांच्या अंगाची सावली, एवढंच त्या घरट्याला छप्पर. असा फोटो आपल्या ग्रुपवर आला, तर मी अंगठा देत नाही, रागावू नका. थवा उडावा म्हणून खडा मारणाऱ्याशी तर मी बोलतच नाही.

यायचं असेल त्यांनी रविवारी, उजाडायच्या आत, भाईंदर स्टेशनवर पश्चिमेला भेटा. पांढरा शर्ट नको.