सुटत नाही तो श्वास





माझी आजी दम्याने पिडलेली होती. रात्री माजघरात चार उशांना टेकून ती बसे, धोतऱ्याच्या वाळल्या पानांची विडी ओढी, आणि घरघर जरा ओसरली की म्हणे, “श्वास घेता येतो रे, सुटत नाही.” त्या अशिक्षित वाक्यात दम्यावरील या परिषदेचा निम्मा विषय सामावला होता, हे कळायला मला वैद्यकाचे शिक्षण घ्यावे लागले.

श्वास अडतो तो असा: ॲसिटिलकोलीन या निरोप्या द्रव्याने श्वासनलिकेच्या स्नायुपेशीच्या दाराशी वर्दी दिली की आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटते, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी संयोग पावून एका विकराला जागे करते, आणि त्या विकराने फॉस्फेटचा शिक्का मारताच मायोसिन ॲक्टिनचे तंतू ओढू लागते; धोतऱ्यातील ॲट्रोपीन अडवते ती ही पहिली वर्दीच. तो शिक्का पुसून स्नायूला सैल करण्याचे काम फॉस्फटेज नावाच्या दुसऱ्या विकराकडे असते. परंतु इंटरल्यूकिन-१३ सारखी दाहजन्य द्रव्ये ऱ्हो-कायनेज या विकराच्या मार्गाला बळ देतात, तेव्हा फॉस्फटेजचे हात बांधले जातात आणि थोड्या कॅल्शियमवरही आकुंचनाचा अंमल चालू राहतो. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा रोध १६ पट वाढतो, हे ध्यानी घेतले म्हणजे एवढ्याशा स्नायूची ही हट्टी मूठ माणसाला रात्रभर का बसवून ठेवते, याचा उलगडा होतो.

१९६९ साली बाजारात आलेल्या साल्ब्युटामोल या औषधाने ही मूठ काही तासांपुरती उघडता येऊ लागली; परंतु तिला आवळायला शिकवणारा दाह त्याने शमत नाही, आणि म्हणूनच घटकाभराच्या आरामावर समाधान मानणे रुग्णाला परवडणारे नाही. पेशीतला आकुंचनाचा हा हुकूम वेळेवर मागे कसा घ्यावा, याचा ऊहापोह आपण येथे करणार आहात.

धरलेले वेळेवर सोडावे, हा नियम स्वागताध्यक्षालाही लागू असल्याने, आपले स्वागत करून मी हे व्यासपीठ सोडतो.