सल्ला आणि सोय



योगेश्वरीच्या आणि आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. खेड्यापाड्यांसाठी म्हणून मुद्दाम उभारलेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच गावात आहे, तेव्हा बालआरोग्याची परिषद इथे भरावी हे ओघानेच आले. स्वागताध्यक्षाने गावाचे माहात्म्य सांगावे आणि खाली बसावे असा रिवाज आहे; तो थोडा मोडण्याची मुभा घेतो. मूल कसे वाढवावे याविषयी सल्ल्याचा आज सुकाळ आहे, पण तो पाळता येईल अशी सोय मात्र तोकडी आहे. म्हणून या मांडवात होणाऱ्या प्रत्येक शिफारशीबरोबर ती कोण, केव्हा आणि कोणाच्या मदतीने पाळणार हेही ठरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जन्मापासूनच सुरुवात करू. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले ४१.८ टक्केच होती. आपण लगेच म्हणतो, आयांना माहिती नाही. पण त्या तासात आई असते कुठे? ती आपल्याच टेबलावर असते. सिझेरियन झाले असेल तर बाळ वेगळ्या खोलीत जाते, एकाच सिस्टरकडे दोन-तीन बाळंतिणी असतात, आणि बाहेर कोणी तरी मधाचे बोट घेऊन वाट पाहत उभे असते. बाळ छातीशी द्यायचे काम नेमके कोणाचे, हे कागदावर नसले की ते कोणाचेच राहत नाही. इथे आईला आणखी एक व्याख्यान देऊन काहीही साधणार नाही. नेमून द्यायचे ते प्रसूतिकक्षातल्या माणसांना.

गडचिरोलीत हे नेमून दिले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, पाचवी-दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या वजन करीत, ऊब देत, श्वास मोजत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देत. इंजेक्शन त्यांच्या हाती द्यावे का, यावर वाद झाले. पण १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा ३९ गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. २०११ पासून ही गृहभेटींची पद्धत देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे त्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जातात. काट्याच्या झोळीत बाळ ठेवून वजन वाचतात, काखेत थर्मामीटर लावतात, आईला समोर दूध पाजायला सांगतात आणि बाळाने नुसते बोंडच धरले असेल तर तिथल्या तिथे धरायला शिकवतात. त्या सांगतात त्यात नवे फारसे काही नसते. ठरल्या दिवशी दारात येऊन हाताने करून दाखवणारे माणूस, हे नवे होते.

आता आमच्या बीड जिल्ह्याकडे या. दिवाळीच्या सुमारास इथली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. पहाटे फडात उतरलेली बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, तान्हे बाळ बांधावर मोठ्या बहिणीच्या हवाली असते. बाळ तापले म्हणून ती कोपीवर थांबली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. तिला आपण सांगतो, सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाज, बाळ मागेल तेव्हा पाज. सल्ला शंभर नंबरी आहे. २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली, म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही हा सल्ला पटलेला आहे. पण ती रजा हजेरीपटावर नाव असलेल्या बाईची. फडातल्या बाईसाठी मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाचे ५,००० रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस नेमकी हंगामात आली, तर ती हुकण्याचा धोका वेगळाच. कारखान्याच्या तळावर पाळणाघर, फिरते लसीकरण आणि खाडा न पडता पाजायची सुट्टी, एवढे झाले की सल्ल्याला अर्थ येईल.

यावर कोणी विचारील, सगळेच व्यवस्थेवर ढकलले तर पालकांनी करायचे काय? आक्षेप रास्त आहे. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले देशात जेमतेम ११ टक्के निघाली. एवढा खालचा आकडा नुसत्या गरिबीच्या खात्यावर टाकता येत नाही. भरल्या घरातही बाळाच्या वाटीत वरणावरचे पाणी आणि पातळ पेजच असते. बाळाचे पोट मुठीएवढे. ते पाण्याने भरले की बाळ तोंड फिरवते आणि घर समजते, जेवले. चमचा कलता केला तरी ओघळणार नाही असा, तेल-तूप घालून कुस्करलेला घट्ट वरणभात आणि जमेल तिथे अंडे, यासाठी पैशापेक्षा कळणे जास्त लागते. वर्षाच्या आत मध न चाटवणे, कानात तेल न सोडणे, हेही घराच्याच हातात आहे. तिथे सल्ला हवा आणि खणखणीत हवा. मोबाइलचे मात्र तसे नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नको हे खरे; पण ज्या घरात स्वयंपाक होईपर्यंत बाळाला घ्यायला दुसरे माणूसच नाही, तिथे मोबाइल दाईचे काम करतो. दाई काढून घ्यायची तर अंगणवाडीची वेळ वाढवा, पाळणाघर काढा.

दुसरा आक्षेप असा की अशी सोय करायला लावणे हे डॉक्टरांचे काम नव्हे. उदाहरणादाखल किशोरवयीन मुलांची झोप घ्या. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा येते, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. आपल्या राज्याने २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरू नयेत असा निर्णय घेतला. चांगलेच झाले, पण ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकते त्या आठवी-दहावीच्या मुलांची सकाळची शाळा अनेक ठिकाणी सातलाच आणि संध्याकाळी वर क्लास. त्यांना ‘लवकर निजा’ सांगून आपण आईबापांच्या मागे भांडण तेवढे लावून देतो. इमारती अपुऱ्या, म्हणून दोन सत्रे, ही शाळांची अडचण खोटी नाही. मग कोणत्या वयाला कोणते सत्र द्यायचे हे शरीरशास्त्र पाहून ठरवा, हे डॉक्टरांनी नाही तर कोणी सांगायचे? पोलिओच्या मोहिमेच्या वेळी आपण फलाटांवर, बसस्थानकांवर, वीटभट्ट्यांवर उभे राहिलोच होतो. २०११च्या जानेवारीनंतर देशात पोलिओच्या नैसर्गिक (वन्य) विषाणूचा रुग्ण सापडला नाही, आणि २०१४ साली पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. फलाट आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही, असे तेव्हा कोणी म्हणाले नव्हते.

म्हणून परिसंवादांच्या अध्यक्षांना विनंती की प्रत्येक ठरावाखाली तो पाळणाऱ्याचे पद आणि त्याला लागणारा वेळ लिहावा. नंतर ते कागद जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना आम्ही स्वतः नेऊन देऊ. आणखी एक सांगायचे राहिले. बालान्न आणि दुधाची भुकटी विकणाऱ्यांनी आरोग्यसेवकांच्या परिषदांना पैसा देणे १९९२च्या कायद्याने मना आहे, आणि आम्ही तो घेतलेला नाही. त्यामुळे पिशव्या कापडी आहेत आणि जेवणात भाकरी-पिठले आहे. ते गोड मानून घ्यावे.