खुर्चीपासून दोन पावलं



दंतवैद्यकाच्या शिक्षकांचं अधिवेशन अकलूजला कशाला, असं काही जणांनी मला विचारलं. त्यांना मी इथल्या घोडेबाजाराची चक्कर मारायला सांगितली. तिथलं गिऱ्हाईक आधी घोड्याचा ओठ वर करतं, पुढचे दात किती झिजलेत ते बघतं, विकणाऱ्याने सांगितलेल्या वयात मनातल्या मनात दोन-तीन वर्षं मिळवतं आणि मगच भावाला हात घालतं. एक्स-रे नाही, केसपेपर नाही आणि निदान बहुधा बरोबर. लावणीच्या स्पर्धांमुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण आपल्याला इथे उपरं वाटायचं काही कारण नाही.

तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण या गावात होतं. कोरोनामुळे 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी ते झालं नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रिंगण चुकल्याची हळहळ माणसं उघडपणे बोलून दाखवतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्याच दोन वर्षांत आपल्या महाविद्यालयांत शिक्षकांचं जे काही झालं, त्याबद्दल मात्र आपण अजून गप्प आहोत. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

15 मार्च 2020 ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक आलेख छापला होता. कोणत्या व्यवसायाला कोरोनाचा धोका किती, हे दाखवणारे ठिपके त्यात होते आणि दातांची कामं करणारे अगदी वरच्या कोपऱ्यात होते. तो आलेख आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर चार-चार वेळा आला. खरं तर त्यात आपल्याला नवं काही नव्हतं. दात कोरायचा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, त्याच्या पाण्याचे तुषार लाळ आणि रक्त घेऊन हवेत तरंगतात, हे आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण तोवर ते परीक्षेतल्या शॉर्ट नोटपुरतं होतं. आता तीच हवा आपल्याला नाकात घ्यायची होती.

खासगी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला निदान शटर ओढता येत होतं. 19 मे 2020 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नियम काढले. प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाना बंद, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार. शिक्षकाच्या हातात मात्र असा निर्णय नव्हता. आपली ओपीडी म्हणजे एकच मोठा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, मध्ये कमरेएवढी पार्टिशनं. विद्यार्थी घरी गेले, इंटर्न घाबरले, त्यांचे पालक आपल्याला फोन करू लागले. आपल्यापैकी कित्येकांना कोविड केंद्रावर स्वॅब घ्यायला पाठवलं. कारण साधं होतं, दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय आपल्यालाच. पीपीई किटमध्ये सहा तास पाणी न पिता उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन ऑनलाइन लेक्चर घ्यायचं.

त्या लेक्चरांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण शिक्षकाचा खरा ताण मला तिथे दिसला. मी कृत्रिम दंतशास्त्र शिकवते. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची कशी, हे मी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर ठोकळा धरून दाखवत होते. पलीकडे एक मुलगा नेटवर्कसाठी माळवदावर चढून बसलेला, कडक उन्हात डोक्यावर टॉवेल घेऊन. त्याला ठोकळ्याच्या जागी पिवळा डाग दिसत होता. तो मला म्हणाला, ‘मॅडम, दिसतंय.’ मी पुढे शिकवत राहिले. त्याच वर्षी, डिसेंबर 2020 मध्ये, शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा शिक्षक आपल्या जिल्ह्यातला, याचा अभिमान वाटला. पण क्राउनसाठी दात किती घासायचा, हे क्यूआर कोडने शिकवता येत नाही. फँटमवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, विद्यार्थ्याच्या मागे उभं राहून त्याचं बोट फिंगर रेस्टवर टेकवावं लागतं, मनगट धरावं लागतं. आपलं शिकवणं म्हणजे हा हाताला लागलेला हात. सहा फुटांच्या अंतराने नेमका तोच काढून घेतला.

मग दुसरी लाट आली आणि तिच्यामागून म्युकरमायकोसिस. आधीचा मधुमेह, त्यात कोविडसाठी घेतलेली स्टेरॉइड्स. रुग्ण यायचा तो दात हलतोय म्हणून. तपासलं तर वरचे तीन-चार दात एकदम हलायचे, टाळूवर काळपट चट्टा दिसायचा. 20 मे 2021 ला केंद्राने राज्यांना हा आजार 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. त्यावरचं औषध अँफोटेरिसिन-बी मिळवताना नातेवाइकांच्या तोंडाला फेस आला. सर्जन मंडळी जबडे काढत होती आणि आम्ही त्या पोकळीवर ऑब्ट्युरेटर, म्हणजे ती बुजवणारी कृत्रिम टाळू, बसवत होतो.

वरचा जबडा काढलेल्या माणसाने घोटभर पाणी प्यायलं तर ते नाकातून परत येतं. असेच एक ऊस बागायतदार आमच्याकडे होते. गाव विचारलं की उत्तर त्यांची बायको द्यायची. त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळायचंच नाही. ऑब्ट्युरेटर बसवला, दोन ठिकाणी घासून कमी केला आणि मी पुन्हा विचारलं. ते स्वतः म्हणाले, ‘टेंभुर्णी.’ लगेच खिशातून मोबाइल काढून कुणाला तरी उसाच्या बिलाचं विचारू लागले. माझी पदव्युत्तर वर्गातली विद्यार्थिनी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. मी तिच्यापाशी गेले, पाठीवरून हात फिरवला, चहा पाजला. त्या दिवशी मला कुणी ‘तू कशी आहेस’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ‘बरी आहे की’ असंच म्हटलं असतं. समोर बसलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक हेच म्हणाले असते, हा टक्का माझ्या अंदाजाचा आहे, त्याचा पेपर करू नका.

पेपरवरून आठवलं. त्या काळात आपल्या मेलवर गूगल फॉर्मचा पाऊस पडला. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची 1983 ची ताण मोजायची प्रश्नावली, भीती मोजायची नवी प्रश्नावली, झोपेची निराळी. गेल्या महिन्यात किती वेळा अस्वस्थ वाटलं, शून्य ते चार. आपण भरल्या, आपल्याच विद्यार्थ्यांकडून भरून घेतल्या, निष्कर्ष छापले, पॉइंट मिळवले. ज्यांच्या ताणाचा आकडा जास्त आला त्यांच्याकडे परत कोण गेलं? आपण आपल्या ताणाचंही पब्लिकेशन करून मोकळे झालो.

त्या काळात जडलेल्या सवयींतल्या काही चांगल्या आहेत. रबर डॅम आता फक्त परीक्षेच्या दिवशी निघत नाही, हाय व्हॅक्यूम सक्शन बिघडलं तर आरडाओरडा होतो, हिस्टरी नीट घेतली जाते. त्या सोडू नयेत. पण दुसऱ्याही सवयी आहेत. हात इतके धुवायचे की कातडी फाटते. घरात वेगळ्या खोलीत झोपायची सवय जडलेले एक सहकारी अजून त्या खोलीतून बाहेर आलेले नाहीत. वायवात आवाज चढतो, आणि नंतर स्वतःलाच कळत नाही कशावरून चढला. कागदोपत्री त्या काळातली पगारकपात संपली, तरी नोकरी जाईल ही धास्ती गेली नाही. आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हे: पूर्वी आपण विद्यार्थ्याला उठवून त्याच्या स्टुलावर बसायचो, आरसा धरायचो, एक्सप्लोररने मार्जिन तपासायचो. आता कित्येक जण खुर्चीपासून दोन पावलांवर उभे राहतात, मान तिरकी करून बघतात आणि म्हणतात, ‘ठीक आहे, पुढे चल.’ याला आळस म्हणणारे विभागप्रमुख आहेत. मी याला शिल्लक राहिलेली भीती म्हणते. त्यावर मेमो हा उपचार नव्हे.

विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे मेंटॉर आहेत आणि ते मेंटॉर आपणच आहोत. शिक्षकाने कुठे जायचं? सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 ला फोन लावा, मराठीत बोलता येतं. तो नंबर स्टाफरूममध्ये लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ज्या संस्थेच्या हाती आपली बढती आहे, तिच्याच समुपदेशकापुढे मन मोकळं करायला कुणी धजणार नाही. म्हणून मी दोन गोष्टी मांडते. एक, आसपासच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून बाहेरचा समुपदेशक नेमावा आणि त्याच्याकडे कोण गेलं याची नोंद कोणत्याही व्यवस्थापनाकडे जाऊ नये. दोन, महिन्यातून एक सकाळ प्रत्येक विभागातल्या एका ज्येष्ठ आणि एका कनिष्ठ शिक्षकाने एकाच रुग्णावर मिळून काम करावं, विद्यार्थ्यांनी नुसतं बघावं. त्या सकाळी कोटा नाही, मार्क नाहीत. स्टुलावर बसायची सवय परत लावायला मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

दोन्ही ठराव दुपारच्या सत्रात चर्चेला येतील. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आधी बोलावं, वेळ मी त्यांना जास्त देईन.