बाटलीतलं पाणी, वहीतलं पाणी

(बोईसर येथे वसंत व्याख्यानमालेत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ही बाटली मुद्दाम टेबलावर ठेवली आहे. ५०० मिली, नॉर्मल सलाईन. हिच्यात साडेचार ग्रॅम मीठ आहे आणि बाकी सगळं पाणी. हिची बहीण डीएनएस. तिच्यात एवढंच मीठ आणि वर २५ ग्रॅम ग्लुकोज. त्या ग्लुकोजच्या फार तर शंभरेक कॅलरी होतात. तांदळाच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. तरी मनोरपासून तलासरीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसा, दिवसभर एकच मागणी ऐकू येते: "अंगात ताकद नाही, एक बाटली चढवा."

मागणाऱ्याला मी हसत नाही. एमआयडीसीत रोजंदारीवर असलेल्या माणसाची एक शिफ्ट बुडाली की पगार कापला जातो. त्याला उद्या उभं राहायचं असतं, आणि बाटलीनंतर तासभर बरंही वाटतं, कारण तो तासभर आडवा पडलेला असतो आणि कुणीतरी त्याच्याकडे लक्ष दिलेलं असतं. पण तुम्ही ज्या दिवशी पांढरा कोट चढवाल, त्या दिवसापासून ही बाटली तुमच्यासाठी औषध आहे. तिचा डोस असतो, ती कमी पडते, जास्त होते आणि चुकीचीही असते. आज मी बोलणार आहे ते या डोसावर, आणि तो सांभाळणाऱ्या वहीवर.

आधी हे पाणी जातं कुठे ते बघू. साठ किलोच्या पुरुषात साधारण ३६ लिटर पाणी असतं. बाईत थोडं कमी, नवजात बाळात वजनाचा पाऊण भाग. या ३६पैकी २४ लिटर पेशींच्या आत, ९ लिटर पेशींच्या मधल्या जागेत, आणि शिरांमधून वाहणारं रक्तातलं पाणी जेमतेम ३ लिटर. आपण सुई टोचतो ती या ३ लिटरांच्या खोलीत. पण खोलीला दारं आहेत. एक लिटर नॉर्मल सलाईन सोडलं तर तासाभरानं त्यातलं पाव लिटरच्या आसपास शिरेत उरतं, बाकी ऊतींत झिरपतं. एक लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोज सोडलं तर ग्लुकोज शरीर वापरून टाकतं, मागे नुसतं पाणी राहतं, ते तिन्ही खोल्यांत पसरतं आणि शिरेत शंभर मिलीसुद्धा उरत नाही. म्हणून बीपी पडलेल्या पेशंटला डेक्स्ट्रोजची बाटली लावून कुणी निर्धास्त बसलं तर तो निर्धास्तपणा खोटा.

मीठ पाण्याला ओढतं, हे सातपाटीच्या बाईला शिकवावं लागत नाही. मासळीला मीठ चोळलं की टोपलीखाली पाणी गळू लागतं. शरीरात तेच चालतं. बाहेर मीठ वाढलं की पेशी आकसतात, कमी झालं की फुगतात. मेंदू मात्र कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. एप्रिल-मे महिन्यात तारापूरच्या डाइंगमध्ये किंवा बॉयलरजवळ काम करणाऱ्याचा तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि घामात मीठ असतं. त्यानं दिवसभर नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम उतरतं, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, कधी झटका येतो. अशा माणसाला 'ग्लुकोज चढवा' म्हणणं म्हणजे त्याला आणखी पाणी पाजणं. आणि तो बरळत असेल, अंग तापलेलं असेल, ताप ४० अंशांच्या वर असेल, तर तो उष्माघात. तिथे आधी कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शीर शोधण्यात दहा मिनिटं गेली आणि अंग तसंच तापत राहिलं, असं होऊ देऊ नका.

आता एक जुनी गोष्ट, कारण शिरेतून पाणी देण्याच्या विद्येची सुरुवातच नर्सिंगच्या धड्यानं झाली, असं मला वाटतं. १८३२ साली ब्रिटनमध्ये पटकीची साथ होती. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरनं पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत असं दाखवलं. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्यानं हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं. माणसं कुठून कुठे जातात!) ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटानं एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरांहून जास्त. डोळे खोल गेलेली, नाडी न लागणारी ती बाई बोलू लागली, आता बरं वाटतंय म्हणाली. लाटा दमला होता. तिला रुग्णालयाच्या सर्जनकडे सोपवून तो गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा सोडलं गेलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. उपचार बरोबर होता. पुढच्या साडेपाच तासांत बाहेर किती जातंय ते मोजून पुन्हा भरणारं कुणी नव्हतं.

ते मोजणं म्हणजे आपला इनटेक-आउटपुट चार्ट. मला विचाराल तर वॉर्डातला सगळ्यात खोटा कागद तोच असतो. पहाटे पाचला सगळ्या रकान्यांत 'युरिन २००' असं एकाच पेननं लिहिलेलं असतं. काय काय सुटतं त्यातून? नातेवाइकांनी पाजलेली पेज, चहा, केळव्याहून आलेलं नारळपाणी. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंड बिघडलेल्या पेशंटला ते धोक्याचं. सुटतं ते इंजेक्शनसाठी टाकलेलं शंभर-शंभर मिली सलाईनही. दिवसात सहा वेळा अँटिबायोटिक असेल तर ते ६०० मिली झालं. आउटपुटमध्ये ओकारी, ड्रेन, पातळ शी. लंगोट वजनकाट्यावर टाका, कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. तापात त्वचेतून आणि श्वासातून जाणारं पाणी दिसत नाही, पण जातं. आणि रोज सकाळी त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन घ्या. रात्रीत एक किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, एक लिटर पाणी आहे. लघवी मोठ्या माणसात तासाला किलोमागे अर्धा मिली, लहान मुलात एक मिली व्हायला हवी. साठ किलोच्या पेशंटची चार तासांत १२० मिलीसुद्धा झाली नाही तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, डॉक्टरांना उठवा. ते चिडतील. चिडू देत.

थेंब मोजणं सोपं आहे, म्हणूनच कुणी मोजत नाही. साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो; सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचा. ५०० मिली चार तासांत द्यायचे: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेटला ६० थेंबांचा मिली, तिथे हिशेबच नको: तासाला जितके मिली, मिनिटाला तितके थेंब. पेशंटनं हात वाकवला, कूस बदलली, की वेग बदलतो. जव्हारहून नाशिकला निघालेल्या १०८ रुग्णवाहिकेत घाटाच्या वळणांवर तर रोलर कुठेच स्थिर राहत नाही आणि बाटली मावशीच्या किंवा नवऱ्याच्या हातात असते. हात खाली आला की नळीत रक्त उलटं चढतं. बरोबर जाणाऱ्या सिस्टरनं बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासाच्या खुणा कराव्यात. थेंब मोजता आले नाहीत तरी पातळी दिसते.

इंट्राकॅथच्या रंगांबद्दल थोडंच बोलते, कारण ते तुम्ही पाठ केलेत: हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. लक्षात ठेवायचं ते हे की नळी किंचित रुंद झाली की प्रवाह कितीतरी पट वाढतो, आणि नळी लांब असली की घटतो. रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीला निळी सुई लावून वर बाटली दाबत बसण्यापेक्षा दोन हातांत दोन हिरव्या लावा. शीर सापडत नाही म्हणून पायात, मनगटाच्या आतल्या बाजूला, मिळेल तिथे टोचू नका. आयव्ही आऊट झाली, हात सुजला, की चोळू नका, काढा. आणि लावलेल्या सुईवर तारीख-वेळ लिहा. चौथ्या दिवशी ती लाल झालेली सापडते ती बहुतेक न लिहिलेलीच असते.

पोटॅशियम क्लोराइड. दहा मिलीचा ॲम्प्यूल, २० मिलिइक्विव्हॅलंट, दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखा. तो सिरिंजमधून थेट शिरेत कधीही जात नाही. गेला तर हृदय थांबतं. बाटलीत टाकलात तर बाटली खाली काढून चार-पाच वेळा उलटीसुलटी करा; लटकलेल्या बाटलीत टाकून दिलं तर ते तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकगठ्ठा आत जातं.

आता ज्या विषयासाठी मला इथे बोलायचंच होतं तो. जव्हारचं वावर-वांगणी हे नाव १९९२-९३च्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर पोचलं. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला, पोषण पुनर्वसन केंद्रं आली, तरी मोखाड्यात, विक्रमगडात, डहाणूच्या डोंगराकडच्या पाड्यांत तीव्र कुपोषित मूल अजून तुमच्या हातात येणार आहे. जुलाब झालेलं, डोळे खोल, त्वचा चिमटीत तशीच उभी. नेहमीच्या मुलाला तीव्र निर्जलीकरणात किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट देतात; वर्षावरच्या दहा किलोच्या मुलाला पहिल्या अर्ध्या तासात ३०० मिली जातात. कुपोषित मुलाला हे चालत नाही. त्याच्या पेशींत आधीच सोडियम साठलेलं असतं, पोटॅशियम कमी, हृदयाचा स्नायू झिजलेला. खोल डोळे आणि सैल त्वचा ही त्याची एरवीचीही लक्षणं असतात, त्यावरून पाण्याचा अंदाज करता येत नाही. म्हणून त्याला शिरेतून पाणी फक्त शॉकमध्ये, आणि तेही किलोमागे १५ मिली, एका तासात. सहा किलोच्या मुलाला ९० मिली, म्हणजे मायक्रो सेटचे मिनिटाला ९० थेंब. तेवढा तास तुम्ही त्याच्या शेजारून हलायचं नाही. दर पाच-दहा मिनिटांनी श्वास आणि नाडी मोजायची. दोन्ही वाढू लागली तर थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा. फुप्फुसात पाणी चाललंय.

जास्त पाणी मारतं, हे केवळ कुपोषित मुलांपुरतं नाही. २०११ साली आफ्रिकेतल्या तीन देशांत, युगांडा, केनिया आणि टांझानियात, तीन हजारांवर तापाच्या गंभीर मुलांवर केलेला फीस्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना भरभर सलाईन दिलं त्यांच्यापैकी १०.५ टक्के ४८ तासांत गेली. ज्यांना भरभर दिलं नाही त्यांच्यात ७.३ टक्के. जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुलं यात नव्हती, त्यामुळे जुलाबाच्या मुलाला हा आकडा लावू नका. पण पावसाळ्यात बोईसरच्या चाळींतून डेंग्यूचे पेशंट येतात तेव्हा तो आठवा. डेंग्यूत ताप उतरतो त्या एक-दोन दिवसांतच शिरांमधून पाणी पाझरतं. नातेवाईक म्हणतात बरा झाला, आणि खरी पहारेदारी तेव्हाच सुरू होते: आधी पाणी कमी पडतं म्हणून, आणि पुढे पाझरलेलं परत येतं तेव्हा तीच बाटली चालू राहिली म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. त्या रोग्यांनाही घाम सुटलेला असतो, हातपाय गार असतात, बाटली लावावीशी वाटते, पण ते जायचे ते बहुतेक फुप्फुसात पाणी साठून.

शेवटी तोंडावाटे देण्याबद्दल, कारण मागे बसलेल्या नागरिकांनाही काही घरी न्यायला हवं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांची पाकिटं करून घेतली आणि पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूचा आकडा ३.६वर आला. आज आपल्याकडे ओआरएस प्रत्येक आशाताईच्या पिशवीत आहे. दुकानात मात्र 'ओआरएस' नाव छापून साखरेची सरबतंही विकली जात होती. २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्या नावाला बंदी केली.

पुड्याचे आकार दोन आहेत. वीसएक ग्रॅमचा पुडा एक लिटरसाठी, चार-सव्वाचार ग्रॅमचा एका ग्लासासाठी, म्हणजे २०० मिलीसाठी. मोठा पुडा एका ग्लासात ढवळला तर मीठ पाचपट होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी नुसता पुडा हातात देऊन आईला पाठवू नका. घरी लिटरचं माप कोणतं आहे ते विचारा. बहुतेक घरांत पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली असते, ती चालेल. एक पुडा तिच्याच हातून वॉर्डात कालवून घ्या. चमच्याचमच्यानं द्यायला सांगा, ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आणि २४ तासांनी उरलेलं फेकून नवीन करायचं, हेही तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या. आता प्रश्न घेऊ.