तिची बाजू कोण मांडणार?
(दौंड येथील बैठकीतील भाषण)



मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली, की आपल्या शिरूर-दौंडमध्ये आधी तिचंच चारित्र्य निघतं. नामवंत स्त्रियांवरचे माहितीपटही पुष्कळदा हेच करतात.

हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनात आपली दारू, आपले संबंध स्वतःच सांगितले. लहानपणापासून आपल्या कमाईवर घर चाललं, हेही सांगितलं. १९७१ साली त्या गेल्या. या पुस्तकावरून १९७७ साली 'भूमिका' निघाला. तो कथापट, नायिकेचं नाव बदलून सवलत घेऊ शकला. माहितीपटाला ती सवलत नाही.

पुरस्कार एका पारड्यात, व्यसन दुसऱ्यात, हा समतोल नव्हे. तिच्या कमाईवर कोण जगलं, तेही दाखवा. ती हयात नसेल, तर तिचे शब्द आधी ऐकवा. असा माहितीपट पाहिलात, तर गटात त्यावर जरूर बोला.