सोळा तारा आणि एक जोडी



आजचा विषय कोरडा आहे, असे पत्रिका वाचून काहींना वाटले असेल. परंतु आपले पतपेढीतील खाते, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, शेताचा सातबारा या साऱ्या नोंदी आता कोठल्या तरी सर्व्हरच्या पोटातील डिस्कवर असतात. आणि डिस्क, ती कितीही महाग घ्या, नाशवंतच. तेव्हा डिस्क मेली तरी नोंद जिवंत कशी राहावी?

या प्रश्नाचे उत्तर बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात मांडले. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा ताफा उभारावा आणि त्यात थोडी जादा माहिती राखून ठेवावी. या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिले. नावातल्या ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी पुढे ‘स्वतंत्र’ हा शब्द रूढ झाला. आपला माल स्वस्त म्हणवून घेणे कोणत्या विक्रेत्याला रुचेल?

ही जादा माहिती म्हणजे काय, ते पाहा. तीन डिस्कांवर अनुक्रमे १, ०, १ असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहावयाचा, की एकूण एकांची संख्या सम व्हावी. येथे दोन एक आहेतच, म्हणून चौथीवर ०. आता दुसरी डिस्क बिघडली. उरले १, १, ०; संख्या समच आहे, म्हणजे हरवलेला अंक ० होता! वाण्याच्या वहीतला मेळ तो हाच. हा हिशेब सतत करीत राहणाऱ्या मंडलाला रेड नियंत्रक म्हणतात. चांगल्या नियंत्रकाला स्वतःची स्मृती असते आणि वीज गेली तरी तीतील अर्धवट काम वाया जाऊ नये म्हणून बॅटरीची किंवा तत्सम सोय असते. एक मात्र बजावतो: कारकुनाने चुकून खाते पुसले, तर नियंत्रक ते सर्व डिस्कांवरून इमानाने पुसतो. त्यावर इलाज निराळ्या ठिकाणी ठेवलेली निराळी प्रत हाच.

आता तारांकडे वळू. पूर्वी नियंत्रकापासून डिस्कपर्यंत रुंद पट्टी जाई आणि तिच्यातून सोळा बिट एकदम निघत. सोळा तारा एकीपेक्षा वेगवान असणारच, असे आपणांस वाटेल. पण कवायतीत सोळा मुले एका ओळीत धावू लागली, की सर्वांत मंद मुलासाठी साऱ्या ओळीला थांबावे लागते. वेग वाढवावा तसे बिट मागेपुढे पोचू लागले, शेजारच्या तारांचा कलकलाट वाढला. सर्रास वापरात आलेल्या शेवटच्या समांतर स्कझीचा वेग सेकंदाला ३२० मेगाबाइट होता. पण तो एका तारेवरील पंधरा डिस्कांनी वाटून घ्यावयाचा. शिवाय एखादी डिस्क बिघडून मार्ग अडवून बसली, तर शेजारच्या निरोगी डिस्कही खोळंबत. ज्या ताफ्याचा उद्देशच एकीच्या मरणाने सर्वांचे अडू नये हा, त्याला हे कसे परवडावे?

म्हणून बिट एकामागून एक धाडण्याची अनुक्रमिक पद्धत आली. साटाचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. सर्व्हरांसाठी सास हे तिचे भावंड मागोमाग आले. तारांची एक जोडी जाण्यास, एक येण्यास. जोडीतील दोन्ही तारांवर परस्परविरुद्ध संकेत असतात. बाहेरचा गोंगाट दोहोंवर सारखाच पडतो आणि ग्राहक केवळ फरक वाचतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो. पहिल्या सासने एका मार्गावर सेकंदाला ३०० मेगाबाइट दिले, आणि थेट जोडलेल्या प्रत्येक डिस्कला मार्ग स्वतःचा. आठ मार्गांचे २४०० झाले. तार बारीक झाल्याने पेटीत वाराही खेळू लागला.

आणखी एक सोय व्यवहारी माणसाला आवडेल. साटाची स्वस्त डिस्क सासच्या खोबणीत चालते. उलट मात्र नाही. सासची डिस्क साटाच्या खोबणीत बसूच नये, असा तिच्या तोंडाचा आकारच केलेला आहे.